बटव्याचं तोंड

"मॅडम, पोरीचं वॉल डॅमेज हाय म्हणायलेत."

खानापूर तालुक्यातून आलेली ती आई खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलली. अंगणवाडीतल्या तपासणीत तीन वर्षांच्या लेकीच्या छातीत जादा आवाज ऐकू आला, मग बेळगावात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. डॉक्टर कन्नडमधून दोन मिनिटं बोलले, रिपोर्ट इंग्रजीत, तो घरी वाचला बारावीतल्या पुतण्यानं. 'वॉल' म्हणजे व्हॉल्व्ह, हृदयाची झडप. तिच्यापुढचा मूळ शब्द होता 'डोमिंग', घुमटासारखं फुगणं. गावी पोचेपर्यंत त्याचं 'डॅमेज' झालं.

सोबत सासूबाई होत्या. त्यांच्याकडून पानाचा बटवा मागून घेतला, नाडी अर्धी आवळली आणि आतली सुपारी खालून वर ढकलली. बटवा फुगला, तोंड बारीकच राहिलं. फुप्फुसाकडं जाणाऱ्या रक्ताच्या वाटेवरची झडप तीन पाकळ्यांची. एरवी त्या सुट्या होऊन बाजूला सरतात. हिच्या पाकळ्या जन्मतःच कडांना चिकटलेल्या, म्हणून उघडताना घुमटासारख्या फुगतात आणि रक्त मधल्या भोकातून जोरानं निघतं. आवाज त्याचाच. वेग सेकंदाला 2.5 मीटर, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबात 25 चा फरक, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. 36 च्या आत असला की अडथळा सौम्य धरतात. 64 च्या वर गेला तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करतात, छाती उघडावी लागत नाही.

आईनं मान हलवली, पण चेहरा तसाच. मग हळूच म्हणाली, "गिराणात मी भाजी चिरली होती."

2022 च्या दिवाळीतलं, 25 ऑक्टोबरचं ग्रहण. तेव्हा तिला सातवा महिना. पूर्वी मी अशा वेळी अंधश्रद्धेवर बोलायचे. बाया "हो मॅडम" म्हणायच्या आणि ओझं तसंच घेऊन जायच्या. आता भिंतीवरचं कॅलेंडर काढते. मुलगी जानेवारीतली. हृदयाची घडण पहिल्या दोनेक महिन्यांत उरकते, म्हणजे जूनमध्येच झडप अशी झालेली. विळी हातात आली ऑक्टोबरात.

तिनं बोटांवर महिने मोजले. परत मोजले. मग सासूकडं बघितलं. भाजीवरून तीन वर्षं टोमणे कोण मारत होतं, ते मला विचारावं लागलं नाही.

सासूबाईंनी बटवा कमरेला खोचला. "मग पोरीला पळू द्यायचं काय?"

"पळू दे आजी, डॉक्टरांनी तसं लिहिलंय. वर्षानं इको चुकवू नका. चक्कर आली, दम लागायला लागला, तर त्याआधीच या."

पोर तोवर दाराबाहेर पळालीच होती.