डॉप्लरचा थिसिस घेण्याआधी माहेरचा विचार कर

तुझा प्रश्न असा: एमएस ओबीजीवायचं (स्त्रीरोग आणि प्रसूतीशास्त्र) पहिलं वर्ष, सरकारी कॉलेज, गाइडनी थिसिसचे विषय सुचवायला सांगितलेत. गरोदरपणाच्या ११ ते १४ आठवड्यांत युटेराइन आर्टरीचा डॉप्लर (गर्भाशयाच्या धमनीतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून पुढे प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) होणार का ते ओळखता येतं का, हा विषय तुझ्या मनात आहे. घेऊ का, म्हणतेस. माझ्या मते नको. विषय छानच आहे, पण तो तुझ्या हातून पुरा व्हायचा नाही.

मी जवळपास हाच विषय घेतला होता. ओपीडीत बायका भराभर मिळाल्या. सातव्या महिन्यापासून एकेक गळायला लागली. डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण माहेरी. फोन लावला की नवरा सांगायचा, "ती गावाकडं गेलीय मॅडम, झालं की कळवतो." काही जण कळवायचेही, मुलगा झाला की मुलगी ते. बीपी किती होतं, लघवीत प्रोटीन होतं का, हे कोण सांगणार? गंमत अशी की प्रीएक्लॅम्पसिया पहिलटकरणींतच जास्त, आणि माहेरी जाणाऱ्याही त्याच. म्हणजे मला नेमक्या हव्या होत्या त्याच बायका हातातून निसटल्या. बीडकडच्या कॉलेजात असशील तर त्यात ऊसतोड धर. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

आता हिशेब बघ. समज १०० बायका घेतल्यास आणि शंभरात पाच जणींना प्रीएक्लॅम्पसिया होतो असं धरलंस. तीस जणी माहेरी गेल्या तर उरतील तीन-चार केसेस. तीन बायकांवर सेन्सिटिव्हिटी (खऱ्या केसेसपैकी किती तपासणीत पकडल्या) काढून तू परीक्षकासमोर काय बोलणार? शिवाय सोनोग्राफीचं मशीन पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली नोंदलेलं असतं, त्याचा फॉर्म एफ भरावा लागतो, प्रोब कुणी धरायचा हेही ठरलेलं असतं. त्यामुळे तुझा डेटा रेडिओलॉजीच्या वेळापत्रकावर लटकणार.

म्हणून एकच कसोटी लाव: पेशंट अॅडमिट झाल्यापासून डिस्चार्ज होईपर्यंत उत्तर मिळतं का? लेबर रूममध्ये तू तशीही रात्रंदिवस असणार आहेस. तिथलं जे मोजता येईल ते मोज.

मला विचारशील तर बाळंतपणातला रक्तस्राव. आपण अजूनही गाऊनकडे बघून "साधारण ३०० एमएल" लिहितो, आणि डोळ्यांचा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. बेळगाव जिल्ह्यात उपकेंद्रांवर आणि घरी होणाऱ्या बाळंतपणांत मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीचा अभ्यास झाला, तो २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. १६२० बायका होत्या. गोळी घेतलेल्यांत पीपीएच (बाळंतपणानंतरचा अति रक्तस्राव) १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. पण मला त्यातली जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे कमरेखाली पसरायचा, खाली मापाच्या रेघा असलेला प्लास्टिकचा ड्रेप. तो त्या अभ्यासासाठीच तयार केला होता. २०२३ च्या ई-मोटिव्ह या पीपीएचवरच्या ट्रायलमध्येही मापाचा ड्रेप होताच. तुझ्या लेबर रूममध्ये अंदाज आणि ड्रेप यांत किती फरक पडतो, कुणाच्या अंदाजात जास्त पडतो, इतकाही थिसिस पुरेसा होतो. ड्रेपचा खर्च कोण करणार, ते मात्र सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) लिहिण्याआधी विचार.

दुसरा पर्याय रॉब्सनचे दहा गट, म्हणजे बाळंतिणींची दहा गटांत विभागणी. सिझेरियनांचा हिशेब मांडायला डब्ल्यूएचओनं २०१५ पासून तीच पद्धत सुचवलीय. सगळी माहिती केसपेपरवर असते. विषय घासून गुळगुळीत झालाय, पण "गट १ मध्ये (पहिलटकरीण, दिवस भरलेले, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपोआप) इतकी सिझेरियन का?" एवढं एकच नीट खोदलंस तर गुळगुळीत राहणार नाही. आयर्न सुक्रोज विरुद्ध एफसीएम (शिरेतून द्यायची दोन लोहाची औषधं) हा विषय मात्र कृपा करून घेऊ नकोस.

सॅम्पल साइज स्टॅटिस्टिशियनकडे जाण्याआधी स्वतः काढ. ४पीक्यू भागिले डीचा वर्ग; पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, डी म्हणजे चालेल इतकी चूक. प्रमाण २० टक्के आणि चूक ५ टक्के धरलीस तर २५६ येतात. मग महिन्याला किती मिळतील ते रजिस्टरवरून मोज, गाइडच्या आठवणीवरून नको. जिल्हा रेसिडेन्सीचे (जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या ड्युटीचे) तीन महिने त्यातून वजा कर. ते विसरून आमच्यानंतरच्या बॅचमधल्या दोघी शेवटी धावपळ करत होत्या.

औषध विरुद्ध औषध असं काही घेतलंस तर ती ट्रायल झाली. मग पहिली पेशंट घेण्याआधीच सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंद हवी, नंतरची चालत नाही. एथिक्सची परवानगी तर सगळ्यालाच लागते. आणि कळा जोरात असताना बाईच्या हातात पेन देऊन सही घेऊ नकोस. एएनसी (गरोदर बायकांच्या) वॉर्डात, ती शांत असताना, सासूला दोन मिनिटं बाहेर थांबवून बोल. दोन-चार जणी नाही म्हणतील. त्यांचीही संख्या लिहून ठेव, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतात.

मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या माहितीचा एकत्र तक्ता) ड्युटी संपल्यावर त्याच दिवशी भर. माझा एकदा तीन आठवडे तुंबला होता, आणि केसपेपर रेकॉर्ड रूममधून परत मिळवायला वॉर्डबॉयला किती चहा पाजले ते मलाच ठाऊक.