सह्याद्री लागला, लागली की लागलं?

प्रश्न असा आहे : टीव्हीवर 'डीडी सह्याद्री' दिसू लागली, तर 'सह्याद्री लागला' म्हणायचं, 'लागली' म्हणायचं की 'लागलं'? पर्वत तर पुल्लिंगी आहे.

'लागली' आणि 'लागलं' दोन्ही बरोबर. 'लागला' मात्र मला खटकतं. पुणे-मुंबई रोज ये-जा करणारा माणूस 'सिंहगड चुकली' म्हणतो. गड पुल्लिंगी असला तरी त्याच्या मनात गाडी असते. न उच्चारलेलं सामान्यनाम असं विशेषनामाला आपलं लिंग देतं. मनात 'वाहिनी' असेल तर सह्याद्री लागली, 'चॅनल' असेल तर लागलं. घराघरांत चॅनलच जास्त बोललं जातं, त्यामुळे 'लागलं' अधिक ऐकू येतं. 'सह्याद्रीवर बातम्या बघ' म्हटलं की लिंगाचा प्रश्नच उरत नाही.

'वाहिनी' हा शब्द मला फार आवडतो. जलवाहिनी, रक्तवाहिनी, वीजवाहिनी यांच्या पंक्तीत तो सहज बसतो. इंग्रजी चॅनलही मुळात पाण्याचा पाटच, त्यामुळे अर्थाचा धागा कुठे तुटत नाही.

उपग्रहांचं काय? उपग्रह पुल्लिंगी, म्हणून इन्सॅट या भारतीय उपग्रहमालिकेतला 'इन्सॅट-१बी सोडला'. १९८० साली एसएलव्ही-३ या अग्निबाणाने नेलेली 'रोहिणी' मात्र नक्षत्राच्या नावाची. तिथे 'रोहिणी कक्षेत पोचला' म्हणताना जीभ अडखळते, म्हणून मी 'रोहिणी उपग्रह' असं पुरतं लिहितो.

इन्सॅटमध्ये आकडा पिढीचा आणि अक्षर त्या पिढीतल्या क्रमाचं. १९८२चा १ए काही महिन्यांतच निकामी झाला आणि १९८३ साली चॅलेंजर यानातून १बी गेला. १० जुलै २००६ला ४सी उड्डाणातच नष्ट झाला. त्याच्या जागी बनवलेला उपग्रह सप्टेंबर २००७मध्ये गेला, त्याचं नाव ४सीआर. त्याला पुढचं अक्षर दिलं नाही. जुनंच 'सी' ठेवून शेवटी 'आर' जोडला, म्हणजे गमावलेल्याची आठवण नावातच राहिली.

दूरदर्शनच्या प्रादेशिक वाहिन्यांची नावं मात्र मातीतून आली. आपली आधी नुसती 'डीडी-१०' होती, मग सह्याद्री झाली. गुजरातीत गिरनार, आंध्रात सप्तगिरी, तेलंगणात यादगिरी, तमिळमध्ये पोदिगै, सगळे डोंगरच. कन्नड 'चंदना' तेवढी चंदनाची. २०२४ साली पोदिगैची 'डीडी तमिळ' झाली. उद्या आपलीही 'डीडी मराठी' झाली तर लिंगाचा हा पेच सुटेल, पण मला तो पेच आणि सह्याद्री दोन्ही हवे आहेत.