सिंकखालच्या शटरची फुगलेली कड

ताई, "रेडीमेड एमडीएफ शटर मापात कापून घरीच रंगवलं, चार महिन्यांत सिंकखाली कड फुगली" हे तुमचं वाक्य वाचलं आणि आमचं ठाण्याचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. (शटर म्हणजे कपाटाचं दार, एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेली फळी.) तेलकटपणा काढणं, पॉलिश पेपर वगैरे तुम्ही केलं असणारच, त्यात जात नाही.

माझा घोळ असा. शटर मापापेक्षा 18 मिमी जास्त उंच निघालं. वरून कापलं तर बिजागऱ्यांच्या प्लेटा कपाटात तेवढ्याच वर सरकवाव्या लागणार, म्हणजे चार नवी भोकं. त्याचा कंटाळा केला आणि खालून कापलं. तयार शटरच्या कडा सील केलेल्या असतात. करवत फिरली की आतले तंतू उघडे. त्यावर पाण्याच्या प्रायमरचे (रंगाआधीच्या अस्तराचे) दोन हात मारले. कडेने तो टिपकागदासारखा पिऊन टाकला आणि मला वाटलं, वा, छान मुरला! पण सिंकचं पाणी दारावरून ओघळतं आणि नेमकं खालच्या कडेला थेंब धरून बसतं. जूनमध्ये रंगाला केसाएवढी चीर, गणपतीपर्यंत कड टम्म. घासून सपाट करायला गेलो तर कापसासारखे तंतूच निघत राहिले. फुगलेलं एमडीएफ परत बसत नाही, ते शटर गेलं असं धरा.

तसंच एक सुटं शटर मिळेल का, एवढंच विचारायला विक्रेत्याच्या कस्टमर केअरला फोन केला. तीनदा फोटो मागवले आणि शेवटी काय, तर "रंगवलंत म्हणून वॉरंटी संपली". अहो, वॉरंटी मागितली कुणी? पैसे मोजून हवं होतं!

नवीन घ्याल तेव्हा कापायचं ते वरूनच. उघड्या कडेला 220 नंबरचा पॉलिश पेपर, मग ऑइल प्रायमर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचे तीन पातळ हात, मध्ये मध्ये 320चा हलका पेपर. बोट फिरवल्यावर कड गुळगुळीत लागली की मगच रंग. फेविकॉल पाण्यात कालवून लावा असंही काही जण सांगतात. कोरड्या जागी चालत असेल, सिंकखाली मी तरी लावणार नाही. (मी सुतार नाही, स्वतःची दोन स्वयंपाकघरं केलीत इतकंच. मेंब्रेनच्या, म्हणजे वरून प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेल्या शटरचं गणित वेगळं, त्याला हे लावू नका.) आणि पांढरा ऑइल पेंट स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, दाराच्या आतल्या अंधाऱ्या बाजूला आधी पिवळा पडतो.

जाता जाता, शटरं काढताना नंबर पेन्सिलने बिजागरीच्या 35 मिमीच्या खड्ड्यात लिहा, तिथे रंग जात नाही. मी नंबराच्या टेपा चिकटवल्या होत्या, रंगाआधी सोलून टाकल्या, आणि रात्री साडेअकराला एकसारखी सात शटरं एकेक करून लावून बघत बसलो.