खुब्याचा सांधा बदलल्यानंतर कंबर दुखत असेल तर काय करावे?
आईच्या खुब्याचा सांधा बदलून तीन आठवडे झाले, पाय सुधारतो आहे, पण कंबर फार दुखते, असे आपण विचारले आहे. झिजलेल्या खुब्यामुळे वर्षानुवर्षे लंगडत चालताना कमरेच्या स्नायूंना जो वाकडा तोल अंगवळणी पडलेला असतो, तो शस्त्रक्रियेने एकाएकी बदलतो आणि नव्या ठेवणीशी जुळवून घेताना हे स्नायू काही आठवडे दुखू शकतात. त्यात दिवसभर उताणे पडून राहिल्यास ताठरपणा आणखी वाढतो.

माझ्या मते सर्वांत आधी वॉकरची उंची तपासावी. सरळ उभे राहून हात सैल सोडले असता त्याची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. वॉकर बुटका असेल तर रुग्ण प्रत्येक पावलाला पुढे वाकतो आणि कंबर भरून येते. बसायला उंच, हातांची खुर्ची द्यावी आणि मधूनमधून त्यांना उठवून थोडे चालवावे. कमरेसाठी एरवी सुचवला जाणारा, गुडघे छातीशी घेण्याचा व्यायाम मात्र सध्या कटाक्षाने टाळावा, कारण त्याने नवा सांधा निखळू शकतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पोटरी सुजली, ताप आला, पायातली शक्ती कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. धाप लागली तर क्षणभरही थांबू नये.