रणात लग्न, नोंदणी कोल्हापुरात

प्रश्न : जानेवारीत कच्छच्या पांढऱ्या रणात चार मित्रांच्या साक्षीनं लग्न करायचंय. तयारी काय करू? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आधी कोल्हापुरात नोंदणी उरका. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार एकाचं जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, विवाह अधिकाऱ्याला लग्नाची नोटीस दिल्यानंतर ३० दिवसांची मुदत आणि ३ साक्षीदार लागतात. नोटीस ३ महिन्यांत बाद होते. मुहूर्त त्या हिशेबानं धरा. घरच्यांपासून लपवायचं असेल तर लक्षात ठेवा, नोटीस त्यांच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात!

रणात फक्त विधी. परवाना काढा, मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. मिठाचा थर पातळ असतो तिथं खाली चिखल असतो, गाडी रुतते, चालतच जा. अंतरपाट वाऱ्यानं फुगतो, दोन्ही कडांना काठ्या शिवून घ्या. पाणी माणशी ४ लिटर. सूर्य बुडताच गारठा पडतो, शाली हव्यातच.