दोघांच्या नावावर घेतलेला दुबईचा फ्लॅट

प्रश्न : मी ४९ वर्षांची, ऐरोलीत राहते. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली; माझं पहिलं, मिस्टरांचं दुसरं. त्यांना पहिल्या लग्नाची २२ वर्षांची मुलगी आहे, ती पुण्याला शिकते. आम्हाला मूल नाही. सासूबाई साताऱ्याला दिरांकडे असतात. माझी आई ७६ वर्षांची, ती आमच्याकडेच असते. वाशीतल्या एका हॉटेलात प्रदर्शन भरलं होतं, तिथे आम्ही दुबईतला एक बेडरूमचा फ्लॅट पसंत केला आणि टोकन दिलं. ताबा तीन वर्षांनी आहे. एजंट म्हणतो, ‘दोघांच्या नावावर घ्या, एकाचं काही झालं तर आपोआप दुसऱ्याचं होतं.’ मिस्टरांनी २०१६ मध्ये मृत्युपत्र करून नोंदवलं आहे, सगळं माझ्या नावे. मी काही केलेलं नाही. एवढं पुरे आहे का? आणि माझ्यामागे आईचं काय?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : पुरे नाही. तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण आधी एजंटचं ते ‘आपोआप’ पाहू.

दुबईत दोघांचं नाव कागदावर असलं तरी एकाचा वाटा दुसऱ्याकडे आपसूक सरकत नाही. इंग्लंडमध्ये संयुक्त मालकीचा एक प्रकार आहे, त्यात तसं होतं. एजंट लोक तेच सगळीकडे सांगत फिरतात. दुबईत मयताचा अर्धा वाटा त्याच्या वारसांकडे जातो. आपल्या सोसायटीतलं नॉमिनेशन डोक्यात असेल तर तेही बाजूला ठेवा. नॉमिनी हा आपल्याकडेसुद्धा मालक नसतो, सांभाळणारा असतो.

मग वारस कोण? जमीन ज्या देशात, कायदा त्या देशाचा, हे तत्त्व भारतही मानतो. दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातीत येते, तिथे बिगर-मुस्लिमांसाठी २०२२ चा ४१ क्रमांकाचा कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर मयताच्या मिळकतीचा अर्धा भाग जोडीदाराला आणि अर्धा मुलांना सारखा, मुलगा-मुलगी भेद न करता. तुमच्या मिस्टरांचं मृत्युपत्र तिथे सिद्ध करता आलं नाही, असं धरून हिशेब करू. तुमचा स्वतःचा अर्धा आणि त्यांच्या अर्ध्यातला अर्धा मिळून पाऊण फ्लॅट तुमचा, पाव मुलीचा. पण नोंदलेलं मृत्युपत्र नसेल तर कोणीही वारस मयताच्या मायदेशाचा कायदा लावायची मागणी करू शकतो. मग १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येतो आणि त्यात मयताची आईही पहिल्या वर्गातली, म्हणजे बायको-मुलांच्या बरोबरीची, वारस आहे. त्यांचा अर्धा वाटा तुम्ही, मुलगी आणि साताऱ्याच्या सासूबाई अशा तिघींत सारखा वाटला जाईल. तुमच्याकडे दोन तृतीयांश, त्या दोघींकडे एकेक षष्ठांश. कोणाच्या मनात काही वाईट नसलं तरी फ्लॅट विकायला मग तिघींच्या सह्या लागतील.

याचा अर्थ काय होतो ते मी घरात पाहिलं आहे. माझे भावोजी २०१८ मध्ये दुबईत अचानक वारले. इंटरनॅशनल सिटीतला छोटा फ्लॅट दोघांच्या नावावर होता, मृत्युपत्र नव्हतं. बहिणीला वाटलं, फ्लॅट आपलाच. बँकेने खातं गोठवलं, भाडं अडकलं. वारस दाखल्यासाठी मी स्वतः ठाण्याच्या कोर्टात १८२७ च्या बॉम्बे रेग्युलेशन या जुन्या कायद्याखाली अर्ज केला, त्यात आठ महिने गेले. मग नोटरी, मंत्रालय, परराष्ट्र खातं, अमिरातीचा मुंबईतला वाणिज्य दूतावास असे एकावर एक शिक्के आणि शेवटी अरबी भाषांतर. बहिणीच्या सासूबाई तेव्हा ८३ वर्षांच्या, डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुलमुखत्यारपत्रासाठी आम्ही त्यांना खुर्चीवर बसवून खाली आणलं. ज्यांचा मुलगा गेला, त्यांच्यापुढे मला स्टॅम्प पेपर धरावा लागला. तेव्हापासून परदेशात घर घेणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी पहिल्याच भेटीत मृत्युपत्राचं विचारते.

तुमच्या मिस्टरांचं २०१६ चं मृत्युपत्र वाया जाणार नाही. पण ते मराठीत असणार, आणि दुबईत ते चालवायचं म्हणजे हीच शिक्क्यांची आणि भाषांतराची वाट. म्हणून दुबईच्या फ्लॅटपुरतं वेगळं मृत्युपत्र तिथेच नोंदवा. डीआयएफसीत, म्हणजे दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात, बिगर-मुस्लिमांसाठी २०१५ पासून अशी नोंदणी आहे. ती इंग्रजीत होते आणि व्हिडिओ कॉलवरूनही करता येते. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना जुळतील अशी दोन करावीत. दोघं एकाच अपघातात गेलात तर कोणाला, हेही त्यात लिहा.

इथे एक चूक मी वारंवार पाहते. आपल्या मराठी मृत्युपत्रांत एक ठरलेलं वाक्य असतं : ‘यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे या मृत्युपत्राने रद्द समजावीत.’ उद्या तुम्ही ऐरोलीत बसून या वाक्यासकट नवं मृत्युपत्र केलंत, तर दुबईत पैसे भरून नोंदवलेलं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने रद्द कराल. दुबईच्या मसुद्यातही हे वाक्य आलं तर मिस्टरांचं २०१६ चं जाईल. दोन्हीकडे स्पष्ट लिहून घ्या : ‘हे फक्त भारतातील मिळकतीपुरते’, ‘हे फक्त दुबईतील मिळकतीपुरते’.

आता तुमच्या आईबद्दल. तुम्ही मृत्युपत्र न करता आधी गेलात आणि भारतीय कायदा लागला, तर मूल नसल्यामुळे तुमचं सगळं मिस्टरांना. ते तुमच्याआधी गेले असतील तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांना जाते, म्हणजे सावत्र मुलीकडे आणि सासूबाईंकडे. आईचा नंबर त्यांच्यामागे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. विधवा मुलीला सासरच्यांनी घालवून दिलं, माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, आणि तिची कमाई गेली नवऱ्याच्या नातलगांना. तिच्या आईला काही मिळालं नाही. मी ते निकालपत्र वाचलं त्या रात्री जेवले नव्हते. दुबईचा कायदा माहेरच्या बाजूला काही देतो, पण त्या भरवशावर राहू नका. मृत्युपत्र तुम्ही करायलाच हवं, आणि हे फ्लॅट घेतला नाहीत तरी लागू आहे.

आईला दुबईच्या फ्लॅटमध्ये वाटा लिहून द्यायचं मनात असेल तर मी नको म्हणेन. वयाच्या ऐंशीत त्यांना दूतावासाच्या रांगेत उभं करू नका. तो वाटा मिस्टरांना द्या. आईला तुमच्या नावावरच्या इथल्या मुदत ठेवी, फंड, सोनं द्या. ते त्यांना ऐरोलीतच हातात मिळेल. घर मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर असेल तर तुमच्यामागे आईला तिथे हयातभर राहता यावं, असं त्यांच्या मृत्युपत्रात घालून घ्या. हे आज मागायला संकोच वाटेल, तरी मागा.

कागदांत नावं तपासा. लग्नात पहिलं नाव बदललं असेल तर जन्मदाखला, पासपोर्ट आणि विवाह नोंदणी यांत तीन वेगळ्या बायका दिसतात. दुबईच्या कारकुनाला आपली नाव बदलायची रीत ठाऊक नाही. विवाह नोंदणी झालेली नसेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात आत्ता करून घ्या.

पैसे पाठवायची मर्यादा माणशी, वर्षाला अडीच लाख डॉलर. दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवलेत तर मालकीचा पुरावा स्वच्छ राहतो. अमिरातीत वारसा कर नाही, आपल्याकडचा १९८५ मध्ये गेला. पण आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता दोघांनीही दरवर्षी भरायचा. न भरल्यास दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. पुढे वारसालाही हा तक्ता भरावा लागेल.

ताबा मिळेपर्यंतची तीन वर्षं जपा. मध्येच एक जण गेला तरी हप्ते थांबत नाहीत, आणि गेलेल्याच्या खात्याला हात लावता येत नाही. प्रत्येकाच्या स्वतःच्या नावावर, एकमेकांच्या खात्यापासून वेगळी, किमान वर्षभराच्या हप्त्यांची रक्कम ठेवा.

आणि मुलीला हे तुम्ही दोघांनी मिळून सांगा, दिवाळीला ती घरी येईल तेव्हा. तिला काय देणार आहात, तेही त्याच वेळी. करारावर सही करण्याआधी मालकीच्या टक्क्यांचं कलम वाचून घ्या. ते कोरं असेल तर मला ते पान पाठवा.