‘ख्रिस्तवासी’, ‘निजल्या’ आणि ‘सार्वकालिक’

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका वाचकानं विचारलं आहे: “शेजारच्या काकू गेल्या. मराठी ख्रिस्ती कुटुंब. आमच्या इमारतीच्या फळ्यावर मी त्यांच्या नावाआधी ‘कै.’ लिहिलं आणि खाली ‘आत्म्यास सद्गती लाभो’ असं लिहिलं. त्यांच्या मुलानं तक्रार केली नाही, पण दुसऱ्या दिवशी घरची छापील सूचना दिली. तीत नावाआधी ‘ख्रिस्तवासी’ होतं, पुढे ‘प्रभूमध्ये निजल्या’, आणि शेवटी ‘सार्वकालिक जीवनाच्या आशेत’. माझं चुकलं का? ‘ख्रिस्तवासी’ मला ‘कैलासवासी’वरून ओढूनताणून बनवलेला वाटतो. आणि इथे हिंदीत सगळे ‘अनंत जीवन’ म्हणतात. सरळ ‘अमरत्व’ का म्हणत नाहीत?”

मी स्वतः ख्रिस्ती घरातली. रविवारची उपासना हिंदीत आणि घरची प्रार्थना मराठीत, अशा इंदुरी घरात वाढले. त्यामुळे हे तिन्ही शब्द मी कोशात पाहण्याआधी कबरीपाशी उभं राहून ऐकले आहेत.

आधी ‘ख्रिस्तवासी’. घडण ‘कैलासवासी’सारखी आहे हे खरं. कुणी शिवाच्या कैलासावर राहायला गेला, कुणी विष्णूच्या वैकुंठात, आणि त्याच चालीवर मराठीनं मुसलमान शेजाऱ्यासाठी ‘पैगंबरवासी’ आणि ख्रिस्ती शेजाऱ्यासाठी ‘ख्रिस्तवासी’ घडवला. गेलेल्या प्रत्येकाला त्याच्या श्रद्धेनुसार घर द्यावं, ही मराठीची रीत मला फार मोलाची वाटते. हिंदीत बहुतेकांच्या नावाआधी ‘स्व.’ लागतं आणि विषय संपतो.

कैलास आणि वैकुंठ ही ठिकाणं आहेत, ख्रिस्त मात्र व्यक्ती. व्यक्तीत वास कसा करणार? तुम्हाला शब्द ओढूनताणून आणलेला वाटतो तो इथेच, असा माझा अंदाज आहे. पण ‘वासी’ला ठिकाणच लागतं असं नाही. ‘अंतेवासी’ आठवा. गुरूच्या निकट राहणारा शिष्य तो अंतेवासी. तो संस्कृतातला अलुक् समास आहे, म्हणजे आतला सप्तमीचा प्रत्यय लोपलेला नाही. ‘अंते’ म्हणजे जवळ. तिथे महत्त्व आहे ते कुणाजवळ राहतो याला.

आणि ख्रिस्ती धर्मग्रंथात नेमकी हीच सप्तमी आहे. येशूचा प्रेषित पौल यानं थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेलं पहिलं पत्र इसवी सन 50च्या सुमाराचं, बायबलच्या नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी. त्या मंडळीतली काही माणसं वारली होती आणि मागे राहिलेले घाबरले होते की आता यांचं काय. पौल त्यांना ‘ख्रिस्तामध्ये मेलेले’ म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये ‘एन ख्रिस्तो’, म्हणजे ख्रिस्तात, ख्रिस्तामध्ये. जिवंतपणी माणूस ज्याच्यात होता त्याच्यातच तो मेल्यावरही आहे. मरणानं पत्ता बदलत नाही. ‘कैलासवासी झाले’ यात इथून तिथे जाणं आहे. ‘ख्रिस्तवासी’त, नीट पाहिलं तर, तिथेच असणं आहे. म्हणून घडण उसनी असली तरी आतला अर्थ उसना नाही.

चारशे वर्षांपूर्वी मात्र मराठी ख्रिस्ती माणसाला वैकुंठही परकं नव्हतं. 1616 साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराण’ या मराठी काव्यात इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स स्वर्गासाठी सरळ ‘वैकुंठ’ हाच शब्द वापरतात. पुढच्या काळात मराठी ख्रिस्ती भाषेनं ‘स्वर्ग’ धरला आणि वैकुंठ सुटलं. मला त्याची थोडी हळहळ आहे, पण ती बाजूला ठेवते.

आता ‘प्रभूमध्ये निजल्या’. इथेही तीच सप्तमी, आणि भर ‘निजणे’ या क्रियापदाची.

माझी आजी गेली तेव्हा वडिलांनी दगडावर ‘प्रभूमध्ये निजली’ असं कोरायला दिलं. कोरणाऱ्याला मराठी येत नव्हतं. त्यानं विचारलं, “भैयाजी, ये निजली क्या होता है?” वडील म्हणाले, “सो गई.” तो म्हणाला, “तो चिरनिद्रा लिख दूँ? सब वही लिखवाते हैं.” वडिलांनी नको म्हटलं. मी तेव्हा लहान होते. वाटलं, एवढा हट्ट कशाला. आज कळतं की तो हट्ट बरोबर होता. ‘चिर’ म्हणजे दीर्घ, आणि मराठीत तर कायमचं. कायमची झोप म्हणजे न उठणं. ख्रिस्ती विश्वास याच्या उलट सांगतो: ही झोप आहे, म्हणूनच उठणं आहे. वर्तमानपत्रं ख्रिस्ती माणसाच्या दफनाच्या बातमीत ‘चिरनिद्रा’ सहज लिहून जातात, पण तो शब्द या जागी नको. ‘चिरविश्रांती’ चालेल, कॅथलिक प्रार्थनेत गेलेल्यांसाठी तीच मागतात. विश्रांती कायमची असू शकते, झोप नाही.

येशूचं चरित्र सांगणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय 11) येशू शिष्यांना सांगतो की आपला मित्र लाजर झोपला आहे, मी त्याला उठवायला जातो. शिष्य म्हणतात, झोपला असेल तर बरा होईल. त्यांनी शब्द शब्दशः घेतला. मग येशू उघड सांगतो, लाजर मेला आहे. म्हणजे ‘झोपणे’ हे मरण झाकायला घातलेलं पांघरूण नव्हे. त्याच संवादात मरणाला मरणही म्हटलं आहे. आणि थोड्याच ओळींनंतर, उठवायलाच आलेला येशू रडतो. ‘निजल्या’ म्हणणाऱ्या घरातही म्हणून डोळे कोरडे नसतात.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनी पुरण्याच्या जागेला ‘कोइमेतेरिऑन’ म्हटलं. ग्रीकमध्ये त्याचा साधा अर्थ निजण्याची जागा. इंग्रजीचा ‘सिमेट्री’ त्यातूनच आला. आपल्या इंदुरात स्मशानाच्या कमानीवर ‘मुक्तिधाम’ लिहिलेलं असतं. एकाच शहरात दोन फाटकं आणि दोन वेगळी वाक्यं. मुक्तिधामाचं वाक्य सुटकेचं आहे: जीर्ण वस्त्र टाकलं, बंधन गळलं. सिमेट्रीचं वाक्य थांबण्याचं आहे: इथे निजला आहे, सकाळ व्हायची आहे. दोन्हींमागे शतकांचं चिंतन आहे. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या फाटकावर लावलं की अर्थ बिघडतो, एवढंच मला म्हणायचं आहे.

‘पुनरुत्थान’ही याच जोडीतला. ग्रीक ‘अनास्तासिस’ म्हणजे उठून उभं राहणं. देवउठनी ग्यारशीला जे ‘उत्थान’ असतं तेच इथलं उत्थान. ‘पुनर्जन्मा’शी त्याची गल्लत करू नका. पुनर्जन्मात नवा देह आणि नवं आयुष्य. पुनरुत्थानात तीच व्यक्ती, देहासकट, पण नाश न पावणाऱ्या देहात. इथल्या वर्तमानपत्रांत रोज ‘उठावना’, म्हणजे मरणानंतरची शोकसभा, छापून येतो, तोही बहुधा तिसऱ्या दिवसाचा. आणि ख्रिस्ती विश्वासही तिसऱ्या दिवशीच्या उठण्यावर उभा आहे. शब्द आणि दिवस इतके जवळ आले तरी फरक आहे. उठावन्याला शोक करत बसलेली माणसं उठतात. पुनरुत्थानात गेलेला माणूस उठतो.

म्हणूनच ‘अमरत्व’ पुरत नाही. अमर म्हणजे न मरणारा. ख्रिस्ती श्रद्धा असं म्हणत नाही की माणूस मेलाच नाही. आत्मा अमर मानणाऱ्या घरांतही आशा तेवढ्यावर थांबत नाही. माणूस खरोखर मरतो, आणि देव त्याला देहासकट उठवतो. पौल यासाठी पेरणीची भाषा वापरतो: जे पेरलं जातं ते नाशवंत, जे उठवलं जातं ते अविनाशी. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, हे येशूचं वाक्य माळव्याच्या काळ्या मातीत गहू पेरणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि मराठीत पुरण्यासाठी ‘मूठमाती देणे’ आहे. मूठभर माती दाण्यावरही पडते.

आता ‘सार्वकालिक’. हिंदी आणि गुजराती बायबलात ‘अनंत जीवन’ आहे, मराठीच्या काही नव्या भाषांतरांत ‘अनंतकाळचे जीवन’. पण जुन्या, घरोघरीच्या मराठी बायबलात ‘सार्वकालिक जीवन’, आणि मी ठामपणे त्याच्या बाजूची आहे. ‘अनंत’ हा नकारी शब्द: अंत नाही तो. तो फक्त दुसऱ्या टोकाबद्दल बोलतो. शिवाय इंदूरकराच्या मनात ‘अनंत’ म्हटलं की चतुर्दशीच्या झांक्या आणि विसर्जन येतं. तो शब्द आधीच एका देवाचं नाव आहे. ‘सार्वकालिक’ म्हणजे सर्व काळाचा. ‘सर्वकाल’ला ‘इक’ लागून आदिवृद्धी झाली, ‘वर्ष’चं ‘वार्षिक’ व्हावं तशी. सर्व काळात उद्या आला, तसा आजही आला.

मूळ ग्रीक ‘झोए आयोनिओस’मधला ‘आयोन’ म्हणजे युग. येणाऱ्या युगाचं जीवन. आणि योहान लिहितो की ते युग आताच सुरू झालं आहे. पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की जो विश्वास ठेवतो त्याला सार्वकालिक जीवन ‘आहे’, तो मरणातून जीवनात पार ‘गेला आहे’. मिळेल नाही, आहे. जाईल नाही, गेला आहे. ग्रीकमध्येही ‘गेला आहे’ला पूर्णकाळच आहे. सतराव्या अध्यायात तर व्याख्याच दिली आहे: एकच खऱ्या देवाला आणि त्यानं पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं, हेच सार्वकालिक जीवन. यात लांबी मोजलेलीच नाही. ओळख मोजली आहे. तुमच्या काकूंना ते जीवन गेल्यावर मिळालं असं त्यांचं कुटुंब मानत नसणार. स्वयंपाकघरात उभ्या होत्या तेव्हाही ते त्यांच्याकडे होतं.

एक शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दफनाच्या वेळी पौलाचं एक वाक्य अनेकदा वाचतात. हिंदीत ते आहे: “हे मृत्यु, तेरा डंक कहाँ रहा?” मराठीत: “अरे मरणा, तुझी नांगी कोठे?” हिंदीत डंक म्हणजे नांगीही आणि तिचा दंशही. मराठीतली नांगी म्हणजे विंचवाचं हत्यारच. आणि मराठीत ‘नांगी टाकणे’ म्हणजे हार पत्करणे. भाषांतरकाराच्या मनात हा वाक्प्रचार होता की नाही, कोण जाणे. पण मराठी कानाला तो ऐकू येतोच. मरण अजून येतं, घरात शिरतं, अंगावर चालतं. त्यानं नांगी टाकली आहे, इतकाच दावा आहे, आणि तो लहान नाही. आजीला मूठमाती देताना वडिलांचा आवाज ‘अरे’ या एका शब्दावर चढला होता. हिंदीतल्या ‘हे’मध्ये आर्जव आहे, ‘अरे’ आपण बरोबरीच्याला किंवा खालच्याला म्हणतो.

तुमच्या फळ्याबद्दल. ‘कै.’ लिहिलंत त्यात मनाचा दोष काही नाही, आणि त्या घरानंही तो धरला नसेल. ‘सद्गती लाभो’ मात्र टाळा. कॅथलिक कुटुंब गेलेल्यांसाठी प्रार्थना करतं, 2 नोव्हेंबर हा दिवसच त्यासाठी राखलेला आहे. प्रॉटेस्टंट घरांत सहसा तशी प्रार्थना नसते, कारण गेलेल्याची गती ठरायची बाकी आहे असं ते मानत नाहीत. तिथे प्रार्थना असते ती मागे राहिलेल्यांसाठी. ‘देवाघरी गेल्या’ हे कुठल्याही घरात चालेल. पित्याच्या घरात राहायच्या जागा पुष्कळ आहेत असं येशूचंच वचन आहे. मी असते तर फळ्यावर एवढंच लिहिलं असतं: “आपल्या शेजारच्या काकू प्रभूमध्ये निजल्या. त्यांच्या घरच्यांना प्रभूचं सांत्वन लाभो.” ‘निजल्या’ला अवतरणचिन्हं घालू नका.